डाव्या पायाचा तीळ

धुळे, १२ मे १९८९

मोतीभाऊ,

आखाजीच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुगंधाचा पाय धुतला. तुम्हाला वाचून लाज वाटेल, म्हणून पहिल्याच ओळीत लिहितो. पन्नाशीला टेकलेला, रोज मारुतीपुढे दिवा लावणारा माणूस परसात बादली घेऊन बसला आणि बायकोचा डावा पाय मांडीवर घेऊन धुऊ लागला. धुरपदा वहिनी दारात आल्या, त्यांनी पाहिलं आणि तोंडाला पदर लावून आत गेल्या. त्यांनी तुम्हाला सांगितलंच असेल. आदल्या दिवशी तुमच्या केळीच्या व्यापाराच्या यावलच्या नव्या कचेरीत उंबऱ्यावर पावलं उमटवायला लावलेलं कुंकू पहिल्या दोन तांब्यांत निघून गेलं, पाणी मात्र लालच येत राहिलं. पाचव्या तांब्यानंतर मी मोजायचं सोडलं. मग लक्षात आलं की उंबऱ्यावर ज्या पावलांपुढे तुम्ही नारळ फोडलात, ज्यांचा फोटो काढून घेतलात, त्यात कुंकू किती आणि रक्त किती हे तिथल्या चारशे माणसांतल्या एकालाही कळलं नव्हतं. मलाही नाही.

वर ‘तीर्थरूप’ लिहायला हात गेला होता. तो आवरला, एवढंच सांगतो. जिथे माझ्या मनात नाही तिथे शाई कशाला घालवू.

आम्ही निघताना तुम्ही ओसरीवर उभे होतात. म्हणालात, “आखाजीच्या दुसऱ्या दिशी घरची लक्ष्मी बाहेर काढतो? जाय. मंग इकडे तोंड दाखवू नको.” मी पिशवी उचलली. एस.टी. यायची होती आणि तिला चौकापर्यंत टाच न टेकवता चालायचं होतं. तुमची जीप दारात उभी होती. त्या जीपलाही पहिलं पाऊल तिचंच लागलं होतं, डावं.

जळगावला चामडीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी भिंग काढलं, विजेरी लावली आणि टाचेवरचा तीळ बराच वेळ बघितला. मग जांघेत हात लावून बघू का, असं सुगंधाला विचारलं. मला नाही, तिला विचारलं. तिने मान हलवली. मग ते माझ्याकडे वळले.

“किती दिवसांपासून वाढतोय?”

“दीड वर्ष झालं.”

“आणि रक्त?”

“होळीपासून.”

“मग आतापर्यंत कुठे होता?”

“आमच्याकडे या तिळाला घरची लक्ष्मी म्हणतात,” असं त्या माणसाच्या तोंडावर सांगण्याइतका मी तुमचा भाऊ उरलो नव्हतो. त्यांनी कागदावर पायाचं चित्र काढलं, त्यात तो डाग काढला, कड वाकडीतिकडी काढली आणि म्हणाले, “हा आता साधा तीळ नाही. काळा आहे, निळा आहे, मध्ये कुठे तांबूस आहे, आणि फुटतोय. काय आहे ते तुकडा तपासल्याशिवाय मी सांगणार नाही, आणि तुम्हीही कोणाचं ऐकून काही ठरवू नका. याला जाळायचं नाही, दोरा बांधायचा नाही, चुना लावायचा नाही.” धुळ्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यातल्या सर्जनच्या नावाने त्यांनी चिठ्ठी दिली.

काल कडेचा मुगाएवढा तुकडा काढला. तो मुंबईला जाणार आहे. तीन आठवडे लागतील म्हणाले. आम्ही सुपडूच्या घरी उतरलो आहोत. तो माझा मेहुणा. त्याच्या घराला पत्रे आहेत आणि दोनच खोल्या आहेत. त्यातली एक त्याने न विचारता रिकामी करून दिली.

सुकदेव


धुळे, २४ मे १९८९

मोतीभाऊ,

तुमचा मुनीम नथ्थू परवा येऊन गेला. तुम्ही पाठवलेलं पत्र वाचलं. पत्रात सुगंधाची तब्येत कशी आहे हा प्रश्न कुठे आहे ते मी दोनदा शोधलं. मी गावच्या शाळेत सातवी शिकलेला, वाचताना एखादी ओळ सुटते कधी. सुटलेली नव्हती.

तुम्ही लिहिता, “तिळाला सुरी लावण्यापूर्वी पावलं घेऊन ठेवणे आवश्यक आहे.” आवश्यक. जसं वॅगन भरण्यापूर्वी केळीचे घड मोजून घेणं आवश्यक.

नथ्थूने पिशवीतून पांढरं मलमलचं कापड काढलं. नवं कोरं, अजून दुकानाचा शिक्का होता त्यावर. कुंकवाची पुडी, वाटी आणि गुलाबपाणीही होतं. बिचारा खाटेपासून चार हात लांब, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि भिंतीलाच सांगू लागला.

“वहिनीसाहेब, भाऊंनी सांगितलं, डाव्या पायाचं एक आणि जमलं तर दोन. फ्रेम करायची आहे. काच लावून.”

सुगंधा खाटेवर बसली होती. टाचेला पट्टी होती. तिने माझ्याकडे बघितलं, मग त्याच्या पाठीकडे.

“नथ्थूभाऊ,” ती म्हणाली, “तुमना भाऊले सांगा, हाई मना पाय शे. दुकाननी पाटी नई.”

नथ्थू भिंतीलाच म्हणाला, “मी कसं सांगू वहिनी? माझी नोकरी आहे.”

तिने टाचेवरची पट्टी चाचपली. मग म्हणाली, “बरं. आणा ते कापड. तुमी बाहेर बसा.”

सुपडूची बायको केसरबाई आत आली, दार लोटलं. मी आतच होतो. तिने पाय वाटीत बुडवला, कापडावर टेकवला आणि उचलला. पाऊल सुंदर उमटलं. मी कितीतरी वर्षं बघत आलो आहे, इतकं स्वच्छ पाऊल तिचं कधी उमटलं नव्हतं. आम्ही तिघंही त्याकडे बघत बसलो. केसरबाईने तोंडात पदर कोंबला. नथ्थूने कापड वाळवून घडी केली, दोन्ही हातांनी कपाळाला लावलं आणि निघून गेला.

त्या कापडाबद्दल आत्ता एवढंच.

तुम्ही लिहिता, हा माणूस बेबाबाई नर्सच्या नादी लागला. होय, नादी तिनेच लावलं, आणि देवाने तिला दिवाळीआधीच पाठवलं होतं, हे मी विसरत नाही. लहान मुलांना डोस पाजायला आली होती. सुगंधा पाय आखडून बसलेली तिने पाहिली, पाय मागून घेतला आणि उजेडात धरला. “सुकदेवभाऊ, हा तीळ राहिला नाही आता,” ती म्हणाली. “गंमत करत नाही. जळगावला न्या.” तुम्ही ओसरीवरून आवाज दिलात, “तू आम्हाला शिकवशील आता?” तिची वस्ती गावाच्या कोणत्या बाजूला आहे ते त्या एका ‘तू’मध्ये तुम्ही घातलंत. ती डोसाची पेटी उचलून गेली. तीन दिवसांनी पुन्हा आली. पुन्हा तेच म्हणाली. तुमच्या ओसरीवर तिला पाणी कोणी विचारलं नाही, दोन्ही वेळा.

त्याऐवजी तुम्ही वना डॉक्टरला बोलावलंत. रबरी नळी गळ्यात अडकवली की त्याचं शिक्षण पुरं होतं. त्याने तीळ बघितला नाही, कारण मोठ्या घरातल्या सुनेचा पाय धरायला त्याला संकोच झाला. उंबऱ्याबाहेरूनच त्याने निदान केलं, “अंगात उष्णता आहे.” एक सुई आणि एक डबी मलम. तुम्ही त्याला केळीची लोंगर दिली. भाऊ, त्या दिवसांत आपल्या घरात एकच खरा वैद्य आला, ती बेबाबाई, आणि तिला तुम्ही हाकललंत.

सुकदेव


धुळे, ८ जून १९८९

मोतीभाऊ,

मुंबईचा रिपोर्ट आला. कर्करोग आहे. याच शब्दात सर्जननी सांगितलं, सुगंधाच्या समोर, सावकाश, तिला समजेल असं. टाचेचं मांस आजूबाजूच्या चांगल्या भागासकट बरंच खोल काढावं लागेल, मांडीची कातडी तिथे लावावी लागेल. जांघेत एक अवधाण, सुजलेली गाठ, हाताला लागतं, तिथल्या गाठीही काढून तपासाव्या लागतील. ती काठी घेऊन चालेल. पुढे काय ते आज कोणी सांगू शकत नाही. दीड वर्षापूर्वी आणलं असतं तर कदाचित एवढ्यावर आलं नसतं. त्यांनी ‘कदाचित’ म्हटलं. मी तो शब्द काढून तुम्हाला लिहू शकलो असतो. लिहिला आहे.

तुमचं दुसरं पत्रही त्याच दिवशी आलं. “दिवाळीपर्यंत थांबा. लक्ष्मीपूजन होऊ द्या. नवीन कचेरीचं पहिलं वर्ष आहे.” सर्जनना मी हे वाचून दाखवलं नाही. फक्त विचारलं, किती थांबता येईल. ते म्हणाले, “एक आठवडासुद्धा का थांबायचं ते मला सांगा.”

बेबाबाई इथे तिच्या खात्याच्या बैठकीला आली होती. पत्ता शोधत सुपडूकडे आली, सुगंधासाठी मोसंब्या घेऊन. तिने सांगितलं की तुमच्या कचेरीत गादीच्या मागे काचेची चौकट लागली आहे. हार असतो, उदबत्ती असते. दिल्लीच्या व्यापाऱ्यांना तुम्ही ती दाखवता.

“सुकदेवभाऊ,” ती म्हणाली, “डोस द्यायला मी यावलला गेले तेव्हा मुद्दाम आत डोकावले. मी नर्स आहे ना, पाय बघितला की मला कळतो. तुमच्या भाऊंनी हार कशाला घातलाय माहीत आहे का तुम्हाला?”

सुगंधा हसू लागली. पट्टी लागल्यापासून पहिल्यांदा हसली.

होय भाऊ. तो उजवा पाय आहे. अंगठा कोणत्या बाजूला आहे एवढं कोणत्याही पोराला दिसलं असतं. सव्वीस वर्षं तुम्ही डाव्या पायाच्या जिवावर विहीर खोदली, ट्रॅक्टर आणला, जीप आणली, कचेरी घातली. साऱ्या जगाच्या सुना उजवा पाय आधी टाकतात आणि आपल्या घरात, लग्नात तो तीळ शुभ ठरवणाऱ्या जोशीबुवांच्या सांगण्यावरून, डावा. पण डावा कोणता, हे तुम्ही एकदाही पाहिलं नाही. आता तुम्ही म्हणाल, मी जेठ, मी भावाच्या बायकोच्या पायाकडे कसा बघणार. खरं आहे. तुम्ही तिच्याकडे कधी मान वर करून बघितलं नाही, तिने तुमच्यासमोर डोक्यावरचा पदर खाली येऊ दिला नाही, सव्वीस वर्षांत तिचा आवाज तुम्ही चार वेळा ऐकला असेल. हीच आपली रीत. त्या रीतीला मी नावं ठेवत नाही. पण ज्या माणसाने तो तीळ आयुष्यात एकदाही बघितला नाही त्याने तो कापायचा की नाही हे ठरवावं, ही रीत कोणत्या गावाची?

इथवर लिहिलं आणि थांबलो. दोन दिवस कागद तसाच पडला होता. तुम्हाला शिव्या देणं मला सोपं जातं आहे हे माझ्या लक्षात आलं. ज्या कामाला मला पन्नास वर्षं जीभ फुटली नाही ते एकदम इतकं सोपं का झालं, याचा विचार देवळात बसून केला. इथे जवळ एक लहानसं देऊळ आहे, दुपारी कोणी नसतं.

तुम्ही तीळ बघितला नव्हता. मग तो वाढतोय हे तुम्हाला कोणी सांगितलं?

मी सांगितलं. दीड वर्षापूर्वी, मळ्यात, पाणी लावताना. तुम्ही विचारलंही नव्हतं. मी आपण होऊन म्हणालो, “भाऊ, तिचा तीळ वाढतोय. मुगाएवढा होता, आता चिंचोक्याएवढा दिसतोय.” आणि मी ते चिंतेने सांगितलं नाही. त्याच महिन्यात केळीचा भाव चढला होता. तुम्ही फावडं टाकलंत, माझ्या पाठीवर हात ठेवलात. “तीळ वाढला म्हनजे घर वाढतं रे सुकदेव.” तो हात मला फार बरा वाटला. तुमचा हात माझ्या पाठीवर कितीदा पडला असेल? पुढे मी दर महिन्याला सांगत गेलो. वाढतोय. पसरतोय. चिंचोक्याची सुपारी झाली. आणि तुमच्याइतकाच खूष होत गेलो. रोज रात्री तिच्या पायाला तेल लावायच्या निमित्ताने तो किती वाढला ते बघत होतो, जसे आपण केळीच्या घडाला बोट लावून बघतो. तिला वाटत होतं, नवरा पायाची काळजी घेतो.

आणि एक. बेबाबाई दुसऱ्यांदा येऊन गेल्यावर माझ्या मनात भीती बसली. तुम्हाला विचारलं तर तुम्ही म्हणालात, “देवाला विचार. तू देवाचा माणूस.” मी मारुतीपुढे दोन चिठ्ठ्या टाकल्या. डोळे मिटून एक उचलली, ‘थांबावे’ निघालं. तुम्हाला येऊन सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, “देव तुझ्यापेक्षा शहाणा आहे,” आणि घरात शिरा केला.

दोन्ही चिठ्ठ्यांवर मी ‘थांबावे’ लिहिलं होतं.

‘न्यावे’ लिहायला बसलो होतो. हात तिथपर्यंत गेला आणि तुमचा चेहरा आठवला. वाटलं, ‘न्यावे’ निघालं तर तुमच्यासमोर उभं राहावं लागेल. मग दोन्हींवर एकच लिहिलं. देवाला मी तुमच्या दारातला गडी केलं. वना डॉक्टरला मी वर नावं ठेवली, पण त्याने निदान उंबऱ्याबाहेर उभं राहून खोटं सांगितलं. मी गाभाऱ्यात बसून सांगितलं.

तुमच्याबद्दल मला जे वाटतं ते मी बदलत नाही. तुम्ही क्षुद्र वागलात. फक्त त्या क्षुद्रपणाला रोज चारा कोण घालत होतं ते कागदावर यायला हवं होतं.

सुकदेव


धुळे, १६ जून १९८९
सरकारी दवाखाना, सकाळी अकरा

मोतीभाऊ,

शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर बाकावर बसून लिहितो आहे. मांडीवर सुपडूच्या शाळेत जाणाऱ्या पोरीची पाटी आहे, तिच्यावर कागद ठेवला आहे. अक्षर वेडंवाकडं आलं तर त्याचं कारण ते समजा.

काल संध्याकाळी सुगंधाला चिठ्ठ्यांचं सांगितलं. वॉर्डात आजूबाजूला माणसं होती, शेजारच्या खाटेवरची म्हातारी, भागाबाई, शेंगा सोलत होती, पण आता न सांगता तिला आत पाठवलं असतं तर मला पुन्हा कधी देवापुढे हात जोडता आले नसते. मी खाली मान घालून सगळं सांगितलं. दोन्हींवर एकच लिहिलं होतं, तेही.

तिने अंगावरची चादर नीट केली. मग म्हणाली, “माले माहीत व्हतं.”

“कसं?”

“दुसरी चिठ्ठी तुमना सदराना खिसामा व्हती. धुवाले काढा तवय सापडनी.”

सुगंधाला अक्षरं लावता येतात. तिसरीपर्यंत शिकली आहे. म्हणजे शिरा झाला त्याच आठवड्यात तिला कळलं होतं. आठ महिने ती मला ताट वाढत होती, रात्री पाय पुढे करत होती, मी तेल लावत होतो.

मी विचारलं, मग बोलली का नाहीस.

“आते काय बोलू?” ती म्हणाली. “पाय दुखस. ती उशी द्या.”

मी उशी दिली. भागाबाईने चार शेंगा माझ्या हातावर ठेवल्या. एवढंच.

मी तुम्हाला तीन पत्रांत जे जे लिहिलं, त्यातलं एक अक्षरही तिने मला ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं, असं रात्रभर वाटत राहिलं.

आज सकाळी साडेआठला तुमची तार आली. सुपडूने ती धावत आणून दिली, त्याला वाटलं गावी कोणी गेलं. “सही करू नये. मी येत आहे. मोतीलाल.” मी ती वाचून खिशात ठेवली. सुगंधाने विचारलं, काय शे. मी सांगितलं. खोटं सांगायची माझी शिल्लक कालच संपली होती.

ती म्हणाली, “येतीन तं येऊ द्या. त्यासले सांगा, पाय देखना व्हई तं आजच देखी ल्या.” शेजारची भागाबाई खो खो हसली. कशाला हसते ते तिला माहीतही नव्हतं.

पावणेदहाला वॉर्डातला कारकून कागद घेऊन आला. चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाला, “घरातलं मोठं माणूस कोण? सही कोण करणार?”

भाऊ, तुम्हाला ठाऊक आहे, माझ्या सहीला आजपर्यंत एकटं कुठे उभं राहावं लागलेलं नाही. सोसायटीच्या कागदावर तुमची सही वर, माझी खाली. मळ्याच्या उताऱ्यावर, विजेच्या अर्जावर, धाकट्या मुलीच्या लग्नाच्या याद्या झाल्या तेव्हा यादीवरसुद्धा. तुम्ही बोटाने जागा दाखवायचात, मी तिथे करायचो. काय लिहिलं आहे ते मी कधी वाचलं नाही. वाचता येत असून.

मी कारकुनाला म्हणालो, “थांबा, वाचतो.”

तो म्हणाला, “अहो बाबा, सगळे असेच करतात, वाचत कोणी नाही.”

“मी वाचतो.”

तो वैतागला. तीन जणांचे कागद त्याच्या हातात होते. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. पायाचं नाव बरोबर आहे का ते बघितलं. डावा. ‘जिवाला धोका संभवतो याची मला कल्पना देण्यात आली आहे’ ही ओळ दोनदा वाचली. मग कागद तिच्याकडे दिला. तिने बोट ठेवून ठेवून सगळा वाचला. कारकून घड्याळ बघत होता, त्याला बघू दिलं. तिने खाली स्वतःचं नाव लिहिलं, सुगंधा सुकदेव, अक्षरं मोठी मोठी, ‘ध’ उलटा आला तो खोडून पुन्हा लिहिला.

शेजारी रुग्णाशी नातं असं लिहिलेला रकाना होता. मी ‘पती’ लिहिलं. हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिला असेन. खाली पूर्ण नाव, गाव, तालुका यावल, जिल्हा जळगाव. त्याखाली एक जागा कोरी होती. कारकून म्हणाला, इथे.

तुमची तार सदऱ्याच्या खिशात होती. ती छातीला टोचत होती. मी मनात रामाचं नाव घेतलं, पण त्याला काही विचारलं नाही.

सही केली. साडेदहाला तिला आत नेलं.

सुकदेव